परवा, एक वाजता

मालन, त्या शुक्रवारी मी तुला तासभर शिव्या घातल्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या तोंडानं, तू समोर बसली आहेस असं धरून. पडद्यापलीकडची माणसं जेवता जेवता थांबली असतील. पण तीस वर्षं चटणी कांडायच्या डंकाशेजारी काढलेली बाई मी, रांगेतल्या बायकांवर ओरडून ओरडून घसा असा झालाय की कानात सांगितलेलंसुद्धा गल्लीला कळतं. "रत्ने, तुला गुपित सांगायचं म्हंजे भोंगा लावून सांगितल्यागत हाय," असं तूच म्हणायचीस.

मी शिव्या घालत होते तेव्हा तू कुठं होतीस, ते आता मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, मैत्रीण गेली आणि हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

आपलं भांडण अर्धंच राहिलं, तेव्हा तिथूनच सुरू करते. सव्वा वर्षापूर्वी माझ्या प्राजूनं इचलकरंजीच्या त्या पोराशी नोंदणी लग्न केलं. पोरगा यंत्रमागावर काम करणारा, आपल्यातला नव्हे, आणि मुख्य म्हणजे माझ्या एकुलत्या एका पोरीनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिनं केलं ते केलं. पण साक्षीदार म्हणून सही कुणाची, तर तुझी! दुसऱ्या दिवशी तू आपणहून माझ्या दारात येऊन उभी राहिलीस. डंक चालू होता, मी तो बंदसुद्धा केला नाही. तू ओरडून सांगितलंस, "पोरीच्या बाजूनं कुणीतरी उभं ऱ्हायला पायजे हुतं रत्ने. मी ऱ्हायलो."

मी म्हटलं, "मग आजपासनं ती मला मेली, आणि तूबी मेलीस."

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या मंगळवार पेठेला ठाऊक आहे. पण तू तरी उलटून बोलायचं होतंस. एक शिवी हासडायची होतीस. तू पदरावर उडालेली चटणी झटकलीस आणि निघून गेलीस. माझे मालक गेले तेव्हा हाच डंक तू महिनाभर चालवला होतास, डोळे लालभडक करून घेऊन, शिंका देत देत, लवंगी मिरची कुठली आणि संकेश्वरी कुठली हे माहीत नसताना. तेव्हा मी कोपऱ्यात पडून होते. तू रोज संध्याकाळी माझ्या तोंडात दोन घास घालायचीस. हे सगळं मला त्या दिवशी दारात आठवलं नसेल असं वाटतं का तुला? आठवलं. तरी बोलले.

तुझं चुकलं, असं मला आजही वाटतं. मला आधी सांगायला हवं होतंस. तू म्हणशील, सांगितलं असतं तर तू पोरीला कोंडून घातली असतीस. घातली असती. मग? भांडण तिथंच थांबतं.

मग सव्वा वर्षानं त्या मंगळवारी संध्याकाळी तू फोनवर आवाज भरून पाठवलास. माझा नेटपॅक संपलेला. बुधवारी सकाळी तो भरला, तेव्हा कुठं तुझा आवाज माझ्यापर्यंत पोचला. "रत्ने, मी मालन. परवा एक वाजता, नेहमीच्या ठिकाणी. रुसवा घरात ठेवून ये. ये पण."

तू मंगळवारी बोललीस, म्हणून तुझा परवा गुरुवार. मी बुधवारी ऐकलं, म्हणून माझा परवा शुक्रवार. इतकं साधं. खाली वार आणि वेळ लिहून येते म्हणे. पण सव्वा वर्षानं माणसाचा आवाज कानावर पडल्यावर वार कोण बघत बसतं? मी तीनदा ऐकलं. मग कुणी बघत नाही ना ते बघून डोळे पुसले. आणि उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला. 'कुठल्या वारी गं?' एवढं विचारलं असतं तर माझं काय झिजलं असतं? पण अबोला धरलेल्या माणसाला एक शब्दसुद्धा जास्त द्यायला जिवावर येतं. तूही वार सांगितला नाहीस, जागा सांगितली नाहीस, आणखी कोण येणार तेही नाही. दोघी एकाच मापाच्या.

तसाही गुरुवार माझ्या स्वप्नातसुद्धा आला नसता. तू दत्ताचा गुरुवार धरणारी. तुझ्या घरात गुरुवारी अंडं फुटत नाही. अशी बाई गुरुवारी गंगावेशीतल्या आपल्या नेहमीच्या मटणाच्या खानावळीत जाईल असं मला छातीवर हात ठेवून कुणी सांगितलं असतं तरी मी हसले असते. बायकांच्या वारावर आपलं कोल्हापूर चालतं गं. कुणाला कधी जेवायला बोलवायचं ते आपण कॅलेंडरवर बघत नाही, तिचा वार कुठला ते आठवतो. मी तुझा वार आठवला आणि निश्चिंत झाले.

गुरुवारी दुपारी तुझे दोन फोन येऊन गेले. डंकाच्या आवाजात ऐकू आले नाहीत. चार वाजता बघितले. म्हटलं, उद्या तोंडावर बोलायचंच आहे, आज कशाला वाफ दवडा. फोन परत खिळ्याला अडकवून ठेवला.

शुक्रवारी मी पावणेएकला पोचले. अंजिरी साडी नेसून गेले होते, तुला आवडते ती. दारात आपला म्हातारा वाढपी, दादूमामा. मला बघून त्याचं तोंड उजळलं. "या अक्का, या. किती दिसांनी! बसल्यात की."

मी स्वच्छ ऐकलं. बसल्यात की.

आत पडद्याच्या खोलीत आपलं कोपऱ्यातलं टेबल. त्यावर तुझी पिशवी. ब्लाऊजपिसांचे तुकडे जोडून तू शिवतेस तसली, आत डब्याचा गोल आकार. खुर्ची थोडी मागं सरकवलेली, जशी उठून गेलेल्या माणसाची असते. आणि लवंगेचा वास. तुझ्या दाढेत कायम असायची ती लवंग. मला वाटलं, हात धुवायला गेलीस. मी बसले, पाठ ताठ करून, तोंड फुगवून. तू आलीस की आधी बघायचंच नाही असं ठरवलेलं.

मामानं ताटं आणली. एक माझ्यापुढं, एक तुझ्या पिशवीपुढं, आणि तिसरं भिंतीच्या बाजूला. मी म्हटलं, "मामा, दोघी आहोत." तो भाकऱ्या ठेवत म्हणाला, "तीन सांगितल्यात बाईंनी." मला वाटलं, हिनं आणखी कुणाला पंच म्हणून आणलंय, आणि माझा पारा चढला.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पांढरा रस्सा आला, त्यावर साय धरली. हात धुवायच्या जागेकडं मी स्वतः जाऊन बघून आले, कुणी नव्हतं. परत येऊन बघते तर तुझा पाण्याचा पेला अर्धा. मी जाताना तो भरलेला होता, मालन. मीच भरला होता. रागात असले तरी तुला तिखटानं ठसका लागतो हे कसं विसरणार? म्हटलं, म्हणजे आलीस, पाणी प्यालीस, आणि मला बघून परत कुठं सटकलीस! लपंडाव खेळायचं वय आहे का आपलं?

तेवढ्यात फोन वाजला. तुझं नाव.

मी तुझ्या पिशवीकडं बघितलं आणि फोन कापला. म्हटलं, दोन हातांच्या अंतरावर उभी राहून फोन काय करतेस, ये की समोर. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोनच बंद करून टाकला आणि मोठ्यानं तुझ्या खुर्चीला म्हटलं, "बोलायचं असंल तर हितं बसून बोल!" खोलीतली एक बाई माझ्याकडं बघायला लागली. मी मग थांबलेच नाही. साक्षीदार झालीस तिथपासून सगळं काढलं. माझी पोरगी, माझं तोंड, माझी गल्ली. खुर्ची ऐकत होती. खोटं सांगत नाही, ऐकत होती. बोलून झाल्यावर जसं समोरच्याच्या गप्प बसण्याचं वजन जाणवतं, तसं ते जाणवत होतं. तुझं गप्प बसणं मी ओळखते गं. दारात पदर झटकून गेलीस तेव्हाचं होतं अगदी तसलंच. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला आणखी राग आला. मी जेवायला सुरुवात केली.

दोन वाजले असतील. रस्त्यावरून शववाहिका गेली, नदीकडं. मागं पाच-सात मोटारसायकली. खानावळ रस्त्यालाच, पडदा वाऱ्यानं उडाला म्हणून दिसली. मामानं हातातली वाटी खाली ठेवून हात जोडले. मीही उष्ट्या हातानं कपाळाशी हात नेला, कुणाचं कोण असेल ते असो म्हणून. आणि पुढचा घास घेतला.

तो नमस्कार तुला होता. तेवढाच मला घडला.

ते तेव्हा कळलं नाही. मी जेवण उरकलं, तुझी पिशवी उचलली, आणि ती तुझ्या अंगावर फेकायची म्हणून रिक्षा करून थेट तुझ्या घरी आले. बोळाच्या तोंडाशीच चपलांचा ढीग दिसला. अंगण नुकतंच धुतलेलं, पाणी अजून उतरत होतं. सोप्यात बायका बसलेल्या. मधोमध जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता, आणि तुझी जाऊ त्यावर टोपली झाकत होती. मी विचारलं, "काय झालं? कुणाला काय झालं?" सगळ्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मी पिशवी छातीशी धरली.

तू गुरुवारी संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला बसलीस ती उठलीच नाहीस. पुण्याहून तुझा भाऊ यायचा म्हणून दुपारपर्यंत थांबले होते. तुझा फोन बंद पडलेला, तो तुझ्या लेकानं, संदीपनं शुक्रवारी दुपारी चालू केला, तेव्हा सगळ्यात वर माझं नाव. त्यानंच तीन फोन केले होते मला. अर्ध्या तासात नेतोय, काकूंना तोंड बघायला मिळू दे, म्हणून. मी तिन्ही कापले.

आणि मग आतून प्राजू आली. हात ओले, बाह्या दुमडलेल्या. तुला आंघोळ तिनंच घातली होती, आता घर धूत होती. सव्वा वर्षानं बघत होते मी तिला. वाळली आहे. ती माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "काल का आली न्हाईस आई?"

मी म्हटलं, "काल?"

"काल. गुरवार. आमी दोघी अडीचपर्यंत बसलो की तिथं. तुजं पान मांडून."

ती कामाला जाते त्या दुकानाला सुट्टी गुरुवारची, म्हणून तू गुरुवार असूनसुद्धा त्या खानावळीत गेलीस. तूप-भात खाऊन मटणाच्या वासात बसून राहिलीस. तिसरं ताट माझ्या पोरीचं होतं. मी म्हणत राहिले, "अगं, मी आज गेलतो! आत्ता तिथनंच आलो!" आणि बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. कोण विश्वास ठेवणार? मैत्रीण जळत होती तेव्हा ही तिच्याबरोबर जेवायला गेली होती म्हणे! प्राजूच्या डोळ्यांत मी बघितलं, तिलाही ते खोटं वाटत होतं. माझं आयुष्य त्या क्षणाला त्या एका वारावर टांगलेलं होतं. मग तिची नजर पिशवीवर गेली. "ही तर मावशीनं काल मामांकडं ठेवलेली," असं म्हणून तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. आत लवंगांची पुडी होती आणि डबा होता. डब्यात खपली गव्हाची खीर. प्राजूनं माझ्यासाठी केली होती, गुरुवारी. तिनं झाकण काढलं. "आंबली गं आई," म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

मी ती खाल्ली. तुझ्या अंगणात उभी राहून, बोटांनी, सगळी. दुखवट्याच्या घरात असं उभ्यानं खातात का, बायका काय म्हणतील, कशाकशाचं भान नव्हतं. आंबट लागत होती आणि मी खात होते. प्राजू माझे पाय धरून रडत होती.

नंतर तिनं सांगितलं. अडीच वाजता ती उठून निघाली होती, आई येत नाही तर आता पुन्हा कधीच नाही असं म्हणून. तेव्हा तू तिचा हात धरून तिला खाली बसवलंस आणि म्हणालीस, "तुजी आई वार चुकल्या. न येणारी बाई न्हवं ती." आणि मामाला सांगितलंस, उद्या ती येईल, तिला इथंच बसवा आणि ही पिशवी द्या. म्हणजे तुला कळलं होतं, माझा अंगठा बुधवारी पोचला त्यावरूनच असेल. मला परत एक फोन करून सांगितलं असतंस तर? पण तूही त्या दिवशी दोनदा फोन करून दमलीसच की. तुझाही मान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली. पिठात काय उमटलंय ते बघायला सगळ्या वाकल्या. जाऊ म्हणाली पाखराचा पाय, कुणी म्हणाली बाळाचं पाऊल. मला नुसतं पीठ दिसलं. खूप वेळ बघितलं. मला दाखवण्यासारखं काही ठेवलं नाहीस म्हणून तुझ्यावर राग धरून मी घरी आले.

चार दिवसांनी मी खानावळीत गेले. मामाला म्हटलं, "तू मला म्हणालास ना, बसल्यात की?" तो कानाला हात लावून म्हणाला, "न्हाई अक्का. पिशवी ठेवल्यात की, म्हटलं मी." बरं, ऐकण्यात चूक झाली असेल, डंकानं कान गेलेत माझे. पण तीन ताटं? तो म्हणाला, "शुक्रवारी? दोनच की. तुमचं एक आणि बाई यायच्या म्हणालासा म्हणून एक." पेल्याचं मी विचारलंच नाही. मंगळवारी पाठवलेला तुझा तो आवाज अजून माझ्या फोनमध्ये आहे. कुठल्याही दिवशी लावला तरी तू मला परवा एक वाजता बोलावतेस. मी आता तो लावत नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते. गल्लीत सगळ्यांना कळलंय, रत्नाचा वार चुकला, नाहीतर गुरुवारी माय-लेकींची भेट झाली असती. प्राजू तर येईल जाईल त्याला सांगते, आई येणारच होती. तिचा नवरा परवाच्या रविवारी आला, माझ्या पाया पडला, तोही तेच म्हणाला. तुझ्या शब्दावर विश्वास आहे त्यांचा. न येणारी बाई नव्हे ती.

मालन, वार चुकला नसता तर मी गुरुवारी आले असते. अंजिरी साडी नेसून वेळेवर आले असते, पडदा सारला असता, आणि तुझ्या शेजारी प्राजूला बसलेली बघून तिथल्या तिथं माघारी फिरले असते. तिच्या तोंडावर. मी मला ओळखते. तेवढ्यासाठी तुला आणखी चार शब्द असे बोलले असते, की तुलाही पुन्हा माझं नाव घ्यावंसं वाटलं नसतं. आणि संध्याकाळी तू गेली असतीस. मग प्राजू तुझ्या अंगणात माझ्यापुढं उभी राहिली नसती, आत निघून गेली असती, जन्मभरासाठी.

तू मला एवढी ओळखणारी. तू हे माहीत असून तिला तसं सांगितलंस, की खरंच तुला वाटत होतं मी बसेन म्हणून? हे मला कधीच कळणार नाही. प्राजूला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. आता ती दर गुरुवारी येते. "मावशी म्हणालीच हुती, तू येणार हुतीस," असं म्हणत पानावर बसते. मी "व्हय की" म्हणते आणि तिला भात वाढते.